रघु रामन : खासगी सुरक्षा सल्लागार ते ‘नॅटग्रिड’चे प्रमुख

नवी दिल्ली : भारतीय लष्करातील निवृत्त कॅप्टन आणि सुरक्षा सल्लागार रघु रामन हे केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ‘राष्ट्रीय गुप्तवार्ता जाल’ अर्थात नॅटग्रिड या प्रकल्पाचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी होत. गुप्तवार्तेच्या क्षेत्रातील एका महत्त्वाच्या सरकारी पदावर खासगी उद्योगातील व्यक्ती येण्याचा हा देशातील विरळा प्रसंग होता. या नेमणुकीमुळे आणि प्रकल्पाच्या स्वरूपामुळे अनेक वाद उद्भवले.

पूर्वपीठिका

लष्करी सेवेत रामन यांनी सियाचिन येथे, तसेच संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत अंगोला येथे काम केले. त्यानंतर ते महिंद्र उद्योगसमूहात दाखल झाले आणि ‘महिंद्र स्पेशल सर्व्हिसेस ग्रुप’ या मुंबईस्थित सल्लागार कंपनीचे प्रमुख झाले. उद्योगांना माहितीची सुरक्षा व जोखीम व्यवस्थापन यांबाबत सल्ला देणे हे या कंपनीचे कार्य होते. उद्योगांनी स्वसंरक्षणासाठी खासगी दले उभारावीत, असे सुचवणारे त्यांचे लेखन पुढे टीकेचा विषय ठरले.

नेमणूक आणि प्रकल्प

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर विविध खात्यांकडील माहितीचा मेळ घालणाऱ्या यंत्रणेची उणीव प्रकर्षाने जाणवली. हल्ल्यापूर्वी डेव्हिड हेडली याने वारंवार भारतात येऊन ठिकाणांची पाहणी केली होती; मात्र त्याच्या प्रवासाच्या नोंदींतून वेळीच संशय निर्माण झाला नाही. तत्कालीन गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी डिसेंबर २००९ मध्ये नॅटग्रिडची रूपरेषा मांडली आणि त्याच सुमारास रामन यांच्याकडे प्रकल्पाची सूत्रे आली.

रेल्वे व विमान प्रवास, प्राप्तिकर, बँक खाती, दूरध्वनी, परदेशगमन आदी २१ प्रकारच्या नोंदी दहा तपास व गुप्तचर यंत्रणांना एकाच जाळ्यातून उपलब्ध करून देणे हे प्रकल्पाचे उद्दिष्ट होते. माहिती मूळ खात्याकडेच राहील, नॅटग्रिड केवळ दुवा असेल, अशी प्रकल्पाची बाजू मांडण्यात आली.

वाद

२०१० मध्ये प्रस्ताव पुढे आला तेव्हा नागरिकांच्या खासगी माहितीच्या गैरवापराची शंका व्यक्त झाली. सुटी माहिती निरुपद्रवी असली तरी ती एकत्र आल्यास व्यक्तीचे संपूर्ण आयुष्य उघडे पडते, हा आक्षेपाचा गाभा होता. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने जून २०११ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली. त्याच महिन्यात नॅटग्रिडला माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून बहुतांशी वगळण्यात आले. संसदेच्या स्वतंत्र कायद्याऐवजी प्रशासकीय आदेशाने यंत्रणा उभी राहिल्याने तिच्यावर देखरेख कोणाची, हा प्रश्न कायम राहिला. अमेरिकेतही याच स्वरूपाच्या ‘टोटल इन्फर्मेशन अवेअरनेस’ कार्यक्रमाचा निधी तेथील काँग्रेसने २००३ मध्ये रोखला होता.

पदमुक्ती आणि नंतर

केंद्रातील सत्तांतरानंतर रामन यांच्या कराराला मुदतवाढ मिळाली नाही. मे २०१४ अखेर ते पदमुक्त झाले. पुढे ते रिलायन्स उद्योगसमूहात जोखीम व सुरक्षा विभागाचे प्रमुख झाले. नॅटग्रिडची सूत्रे २०१६ मध्ये गुप्तचर विभागातील अधिकारी अशोक पटनायक यांच्याकडे सोपवण्यात आली. मे २०२२ मध्ये बेंगळुरू येथील संकुलाचे उद्घाटन झाले.

रामन यांच्या नेमणुकीचा वाद त्यांच्या जाण्याने संपला, देखरेखीचा प्रश्न मात्र उरला. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यीय घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. त्याच वेळी, २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने राष्ट्रीय सुरक्षेसारख्या कारणांसाठी सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आहे. त्यामुळे यंत्रणेच्या प्रमुखपदी खासगी तज्ज्ञ असो वा सरकारी अधिकारी, तिच्या वापरावर स्वतंत्र अंकुश कोणाचा, याचे उत्तर कायद्यातच द्यावे लागेल.