छायाचित्राची पात्रता

रोहा तालुक्यांतील खांब हें गांव मुंबई-गोवा महामार्गावर वसलेलें आहे. आषाढ-श्रावणांत भातखाचरें भरलीं कीं त्यांत पांढरे बगळे उतरतात. कोणी चिखलांत बेडूक शोधीत हिंडतो, कोणी चरत्या म्हशीच्या पाठीवर बसून तिच्या पावलांनीं उडणारे किडे टिपतो. समजा, एखाद्या हौशी छायाचित्रकारानें हीं दोन्ही दृश्यें घेतलीं आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या निसर्ग-विभागाकडे धाडलीं. पहिल्या चित्रास तेथें जागा मिळूं शकेल. दुसरें कितीहि सुंदर असलें तरी बाद होण्याचाच संभव अधिक. कारण म्हैस पडली पाळीव. पहिल्या चित्रांतहि बगळ्याच्या चोचीआड येणारी एखादी पात संगणकावर पुसून टाकली, तर तेंहि बाद. कडेचा भाग कातरलेला मात्र चालतो. तोच गृहस्थ परततांना पेणला उतरला आणि गणपतीच्या कारखान्यांतील कारागिरास, ‘जरा खिडकीकडे तोंड करून बसा,’ असें म्हणाला, तर तें चित्र प्रवास-विभागांतहि बसावयाचें नाहीं. तेथें चित्रासाठीं मुद्दाम मांडलेला प्रसंग वर्ज्य मानला आहे.

हे नियम प्रथम वाचणारास हसूं येतें. म्हशीनें बगळ्याचें काय बिघडविलें, असें त्याला वाटतें. परंतु या नियमांचा इतिहास पाहिला म्हणजे ध्यानांत येतें कीं त्यांतील बहुतेक कलमें कोणत्या ना कोणत्या भांडणांतून निघालेलीं आहेत.

पहिलें भांडण अगदींच प्राथमिक होतें: छायाचित्र ही वस्तु मुळांत कोणत्या दालनांत ठेवावयाची? १८५१ सालच्या लंडनच्या महाप्रदर्शनांत तें दहाव्या वर्गांत, म्हणजे शास्त्रीय उपकरणें, वाद्यें, घड्याळें आणि शस्त्रवैद्यांचीं हत्यारें यांच्या पंगतीला बसविलें होतें. पुढें १८६२ च्या प्रदर्शनाची आंखणी झाली तेव्हां चालकांनीं त्याला यंत्रसामग्रीच्या विभागांत ढकललें. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीचे अध्यक्ष सर फ्रेडरिक पोलॉक हे मोठे न्यायाधीश. त्यांनीं आणि त्यांच्या संस्थेनें याचा कडक निषेध केला. शेवटीं चित्रें आणि साधनें यांचा मिळून एक स्वतंत्र वर्ग, चौदावा, देण्यांत आला. कलेच्या दालनांत प्रवेश मिळाला नाहीं तो नाहींच. पण निदान आगगाडीच्या डब्यांपासून सुटका झाली!

मुंबई या विषयांत मागें नव्हती. लंडनची सोसायटी १८५३ ची. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ च्या ऑक्टोबरांत निघाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ च्या. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे मुंबईच्या संस्थेचे सभासद होते, आणि नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रें घेत. १८५५ मध्यें एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्यें छायाचित्रणाचा वर्गहि उघडला. एतद्देशीय विद्यार्थी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालीं डोकें घालूं लागले, ते कोणाच्या मागून नव्हे, तर विलायतेच्या जवळजवळ बरोबरीनें.

कलकत्त्यास मात्र पात्रतेचा प्रश्न चित्रावरून माणसावर आला. थोर संशोधक राजेंद्रलाल मित्र हे तेथील संस्थेचे खजिनदार. १८५७ सालीं त्यांनीं टाऊन हॉलमध्यें निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमावर जाहीर भाषण केलें. त्यांतील शब्द संस्थेंतील युरोपियन सभासदांना झोंबले आणि मित्रांना संस्थेंतून काढून टाकण्यांत आलें. त्यांच्या छायाचित्रांत कोणी दोष दाखविला नव्हता. नियमांचें पुस्तक हातीं असणाऱ्यांना दुसऱ्याच कारणासाठीं दार लावून घेतां येतें, हें या कलेच्या इतिहासांत इतक्या लवकर घडलें.

इकडे चित्रांविषयींचा खरा वाद त्याच वर्षीं पेटला. ऑस्कर रेलांडर यानें तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एक भव्य चित्र सिद्ध केलें व तें मँचेस्टरच्या कलाप्रदर्शनांत मांडलें. पुढच्या वर्षीं हेन्री पीच रॉबिन्सन यानें मृत्युशय्येवरील मुलीचें चित्र पांच निगेटिव्हांतून बनविलें. एकीकडे राणी व्हिक्टोरियानें रेलांडरचें चित्र विकत घेतलें, दुसरीकडे लोक विचारूं लागले, ‘हें छायाचित्र कीं बनावट?’ मुंबईंतहि हाच खेळ चालू होता. विल्यम जॉन्सन यानें मुंबईच्या नाना जातिजमातींच्या चित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्यें प्रसिद्ध केले. त्यांतील कित्येक चित्रांत माणसें स्टुडिओंत बसवून टिपलेलीं, आणि पाठीमागचे देखावे निराळ्याच छायाचित्रांतून आणून जोडलेले आहेत. तीं चित्रें पुराव्याच्या थाटानें विकलीं गेलीं, हें विशेष.

कलावादी मंडळींनीं पुढें वेगळी चूल मांडली. १८९२ मध्यें रॉबिन्सन प्रभृतींनीं लंडनास ‘लिंक्ड रिंग’ नांवाचें मंडळ काढलें. मुंबईचे शापूर भेडवार हे पारशी गृहस्थ त्याचे सभासद झाले. त्यांचीं चित्रें नाटकांतील प्रवेशांसारखीं रचलेलीं असत आणि त्यांत कोणाचीहि फसवणूक नव्हती. रचना उघड होती. येथेंच सगळ्या वर्गवारीचें मर्म सांपडतें. रचण्यास बंदी कधींच नव्हती. रचलेलें ‘सांपडलेलें’ म्हणून पुढें करण्याला आहे.

अलीकडच्या काळांत हीच रेषा पुनःपुन्हां तुडविली गेली. २००९ च्या लंडनमधील वन्यजीव छायाचित्रस्पर्धेंत फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या चित्रास पहिलें बक्षीस मिळालें. तो लांडगा शिकविलेला असावा असें ठरवून परीक्षकांनीं २०१० च्या जानेवारींत तें काढून घेतलें. त्याच स्पर्धेंत २०१८ सालीं एका बक्षिसाच्या चित्रांतील मुंगीखाऊ पेंढा भरलेला असल्याचा निर्णय झाला. दोन्ही छायाचित्रकारांनीं आरोप नाकारला. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’नें २०१५ सालीं एक बक्षीस रद्द केलें तें एका चित्राचें स्थळ खोटें सांगितलें म्हणून. निसर्ग-छायाचित्राची समान व्याख्या तीन मोठ्या संस्थांनीं, अमेरिकेच्या, ब्रिटनच्या व आंतरराष्ट्रीय महासंघानें, २०१४ मध्यें मिळून ठरविली. पेंढा भरलेले प्राणी, लावलेलीं झाडें व पाळीव जनावरें तींत नांवानिशीं वगळलीं आहेत.

२०२३ सालीं तर बोरिस एल्डागसेन या जर्मन कलावंतानें संगणकी बुद्धीनें तयार केलेलें चित्र सोनी स्पर्धेंत धाडलें, बक्षीस मिळविलें आणि तें स्वतःच नाकारलें. पुढच्याच वर्षीं माइल्स ॲस्ट्रे यानें उलट केलें. त्यानें डोकें पंखांत लपविलेल्या रोहित पक्ष्याचें खरेंखुरें छायाचित्र कृत्रिम चित्रांच्या वर्गांत पाठविलें. तेथें तें गाजलें, आणि खरें असल्याबद्दल बाद झालें! नियम दोन्हीकडून सारखाच कापतो, हें त्यानें हसतहसत सिद्ध केलें.

म्हणून आतां अनेक स्पर्धा मूळ, न बदललेली फाइल मागतात. खांबच्या त्या गृहस्थानें ती जपून ठेवली असली, तर बेडूकवाला बगळा निसर्ग-विभागाच्या परीक्षेस उभा राहील. म्हशीवरचा बगळा खुल्या विभागांत धाडावा. तेथें म्हशीलाहि मज्जाव नाहीं.