सामूहिक अंगचोरी
एकट्याने केले असते त्यापेक्षा गटात कमी कष्ट घेण्याची प्रवृत्ती. फ्रेंच कृषी अभियंता माक्स रिंगेलमान यांच्या दोर ओढण्याच्या प्रयोगांत (प्रसिद्धी १९१३) आठ जणांच्या गटात माणशी जोर जवळपास निम्म्यावर आला. त्यातला काही तोटा ताळमेळ न जमल्याचा होता. लाताने, विल्यम्स व हार्किन्स यांनी १९७९ मध्ये टाळ्या आणि आरडाओरड्यावर प्रयोग करून ताळमेळाचा तोटा आणि अंगचोरीचा तोटा वेगळे दाखवले. विद्यापीठीय गटप्रकल्पांत ही अंगचोरी नेहमीची : अहवाल एक-दोघे लिहितात, मुखपृष्ठावर नावे सर्वांची. प्रत्येकाचा वाटा ओळखता आला, गट लहान असला किंवा विषय आवडीचा असला, तर ती घटते. म्हणून स्वतंत्र तोंडी परीक्षा किंवा सहाध्यायांकडून मूल्यमापन केले जाते. मात्र मैत्रीखातर सर्वांना सारखेच गुण देऊन विद्यार्थी हा दुसरा उपाय सहज बोथट करतात.