गीतरामायणाचे ध्वनिमुद्रण

गीतरामायण ही ग. दि. माडगूळकर यांनी रचलेली आणि सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केलेली ५६ गीतांची मालिका आहे. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून तिचे प्रक्षेपण सुरू झाले आणि १९ एप्रिल १९५६ रोजी, पुढच्या रामनवमीला, ते पूर्ण झाले. आकाशवाणीवरचे मूळ गीतरामायण अनेक गायक-गायिकांच्या स्वरांत होते. पुढे ध्वनिमुद्रिकांतून घरोघरी पोहोचले ते गीतरामायण मात्र एकट्या सुधीर फडके यांच्या स्वरातले होते. आजच्या बहुसंख्य श्रोत्यांना हे दुसरेच रूप परिचित आहे.

पार्श्वभूमी

पुणे आकाशवाणी केंद्राची स्थापना २ ऑक्टोबर १९५३ रोजी झाली. केंद्र नवे होते आणि श्रोत्यांना सातत्याने बांधून ठेवील अशा कार्यक्रमाची त्याला आवश्यकता होती. केंद्रातील अधिकारी सीताकांत लाड यांनी वर्षभर चालणाऱ्या गीतमालिकेची कल्पना माडगूळकरांपुढे मांडली. माडगूळकर आणि फडके हे दोघेही १९१९ साली जन्मलेले. मराठी चित्रपटांसाठी त्यांनी एकत्र काम केलेले होते, त्यामुळे एकमेकांची कार्यपद्धती त्यांना चांगली ठाऊक होती.

आठवड्याला एक याप्रमाणे ५२ गीते व्हावीत, अशी मूळ योजना होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंतचे अंतर वाढले आणि गीतांची संख्या ५६ झाली. नवे गीत शुक्रवारी सकाळी प्रसारित होई, शनिवारी व रविवारी त्याचे पुनःप्रक्षेपण होई. १ एप्रिल १९५५ पासून पुढच्या वर्षीच्या १३ एप्रिलपर्यंत ५५ शुक्रवार येतात. ५६ वे गीत रामनवमीचा दिवस साधून गुरुवारी प्रसारित करण्यात आले. पंचांग आणि आकाशवाणीचे वेळापत्रक यांचा असा मेळ क्वचितच बसला असेल.

पहिल्या गीताविषयी एक आठवण नेहमी सांगितली जाते. ध्वनिमुद्रणाची वेळ आली तेव्हा गीताचा कागद सापडेना. कवीने तो दिला होता की नाही, यावरून कवी आणि संगीतकार यांच्यात वाद झाला. अखेर लाड यांनी माडगूळकरांना लेखनसाहित्यासह एका खोलीत बसवून बाहेरून दार लावून घेतले आणि थोड्याच वेळात त्यांनी गीत पुन्हा लिहून दिले, असे म्हणतात. तपशिलात ही कथा सांगणाऱ्यागणिक थोडी बदलते. मात्र दर आठवड्याला नवे गीत लिहून, स्वरबद्ध करून, गायकाला शिकवून ते मुद्रित करावयाचे, ही घाई किती मोठी होती याची कल्पना तीवरून येते.

आकाशवाणीवरील मूळ रूप

माडगूळकरांनी कथा निवेदकाच्या तोंडी न ठेवता बहुतेक गीते रामायणातील व्यक्तींच्या मुखी घातली. त्यामुळे पात्रानुसार गायक बदलणे स्वाभाविक होते. रामाची गीते स्वतः फडके यांनी गायिली. सीतेच्या गीतांसाठी माणिक वर्मा यांचा, तर कौसल्येसाठी ललिता फडके यांचा स्वर योजला होता. उत्तरभागातील, वनात सोडून दिलेल्या सीतेचे ‘मज सांग लक्ष्मणा’ हे गीत लता मंगेशकर यांनी गायिले. वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, मालती पांडे, गजानन वाटवे हेही या मालिकेत गायिले. काही गीतांत समूहस्वर होता. व्हायोलिनवादक प्रभाकर जोग यांची साथ या मालिकेला लाभली.

गीतांच्या लांबीचे कारण तत्कालीन माध्यमांत आहे. त्या काळी प्रचलित असलेल्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटांचेच गाणे मावत असे. भावगीताचा मुखडा आणि दोन-तीन अंतरे हा घाट त्या मर्यादेतच रूढ झाला होता. आकाशवाणीवर ती अडचण नव्हती. पाऊण तासाचा नव्हे, तरी पाव तासाचा अवकाश हाती होता. त्यामुळे माडगूळकरांना सात-आठ, कधी त्याहूनही अधिक कडवी लिहिता आली आणि एका गीतात एक संपूर्ण प्रसंग उभा करता आला. भरताचे सांत्वन करणारे ‘पराधीन आहे जगती’ हे दहा कडव्यांचे गीत तीन मिनिटांच्या तबकडीसाठी कोणी लिहिलेच नसते. गीतरामायणाचे श्रेय कवी आणि संगीतकार यांना देताना हा भाग सहसा नजरेआड होतो.

मालिका चालू असतानाच श्रोते गीते उतरवून घेऊ लागले. मागणी पाहून भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला, गीतांचे पुस्तक प्रसिद्ध केले. आकाशवाणीने मालिकेचे पुनःप्रक्षेपणही केले.

एका स्वरातील गीतरामायण

प्रक्षेपण संपल्यानंतर फडके गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम करू लागले. एवढे सगळे गायक प्रत्येक गावी नेणे शक्य नव्हते. संवादिनी घेऊन ते एकटेच सर्व पात्रांची गीते गात. असे सुमारे १८०० कार्यक्रम त्यांनी केले, असे सांगितले जाते. हिज मास्टर्स व्हॉइसने गीतरामायणाच्या दहा दीर्घ मुदतीच्या ध्वनिमुद्रिका काढल्या, त्याही याच एका स्वरात. प्रत्येक तबकडीच्या दोन बाजू मिळून सुमारे पाऊण तासाचे गायन मावे, म्हणजे संपूर्ण संच सात तासांच्या घरात जातो. ध्वनिफिती आणि नंतर सीडी निघाल्या, त्यांतही हेच रूप पुढे चालले.

या बदलाने काही गमावले हे मान्य करावे लागते. माणिक वर्मांची सीता आणि ललिता फडके यांची कौसल्या यांना स्वतंत्र व्यक्तित्व होते. स्त्रीपात्रांची गीते पुरुषस्वरात ऐकताना ते नाट्य काहीसे पुसट होते. शब्दांचा स्वच्छ उच्चार आणि प्रसंगानुरूप स्वर लावण्याची हातोटी यांमुळे फडके यांच्या गायनात ही उणीव फारशी जाणवत नाही, हेही खरे. शिवाय रचनेच्या चौकटीत त्याला आधार आहे. पहिल्या ‘स्वये श्री रामप्रभू ऐकती’ या गीतात कुश आणि लव रामासमोर रामकथा गात आहेत, आणि अखेरच्या गीतात वाल्मीकी त्यांना ती कथा गाण्याचा आदेश देतात. कालक्रमाने शेवटचे गीत पहिल्याच्या आधीचे आहे. मधली सर्व पात्रे गाणाऱ्या कुमारांच्या मुखातूनच बोलतात, असे मानले तर कथेकऱ्याप्रमाणे एकाच गायकाने सर्वांचे बोल गाणे विसंगत ठरत नाही. पहिले गीत भूप रागाच्या आधारावर आणि शेवटचे भैरवीत आहे. मैफलीचा हा क्रम दोन्ही रूपांत कायम राहिला.

अनुवाद आणि पुढील गायक

गीतरामायणाचे हिंदी, गुजराती, कन्नड, तेलुगू, बंगाली, कोंकणी आणि संस्कृत यांसह अनेक भाषांत अनुवाद झाले. मूळ चालींवर गाता यावेत अशा रीतीने केलेले अनुवाद हे त्यांतील विशेष होत, कारण येथे अनुवादकाला अर्थाबरोबर मात्रांचाही हिशेब सांभाळावा लागतो.

माडगूळकरांचे निधन १४ डिसेंबर १९७७ रोजी आणि फडके यांचे २९ जुलै २००२ रोजी झाले. त्यांच्या पुढच्या पिढीत श्रीधर फडके आणि आनंद माडगूळकर यांनी गीतरामायणाचे कार्यक्रम केले आहेत.