लिंबू आणि दहा लाख मैल : जुन्या आलिशान गाडीच्या भरवशाविषयी

आपल्याकडे नवी गाडी दारात आली की तिच्या चाकाखाली लिंबू ठेवतात, पुढच्या बाजूस लिंबू-मिरच्या बांधतात. गाडीवरचे अनिष्ट लिंबाने टळावे, अशी त्यामागची भावना. अमेरिकेत याच्या नेमके उलट आहे. मुळातच सदोष निघालेल्या, कितीही दुरुस्त केली तरी न सुधारणाऱ्या गाडीलाच तिकडे ‘लेमन’ म्हणतात. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच : हे यंत्र उद्या सकाळी आपल्याला दगा तर देणार नाही ना?

या प्रश्नाकडे आम्ही वळलो ते एका घरगुती निमित्ताने. आमच्यातील एका प्राध्यापिकेला तालुक्याच्या गावी शिकवायला जावे लागते. जाऊन-येऊन रोजचे सत्तर किलोमीटर. नव्या लहान गाडीच्या किमतीत त्यांना बारा वर्षांची एक आलिशान सेडान मिळत होती. घ्यावी की न घ्यावी, असे त्यांनी विचारले. चुकीच्या निर्णयात त्यांची काही वर्षांची बचत जाणार होती आणि सकाळचे पहिले तास बुडणार होते. यंत्रशास्त्रात आम्हांला गती नाही. परंतु अनोळखी वस्तूवर भरवसा ठेवायचा तो कशाच्या आधारे, या प्रश्नाला एक इतिहास आहे, आणि तो वाङ्मयाच्या अभ्यासकाला अगदीच परका नाही.

या इतिहासातील पहिले महत्त्वाचे नाव जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाचे. ‘द मार्केट फॉर लेमन्स’ हा त्यांचा निबंध १९७० साली प्रसिद्ध झाला. त्याआधी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासमवेत अ‍ॅकरलॉफ यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. निबंधातला विचार सोपा आहे. जुनी गाडी विकणाऱ्याला तिचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी दर्जा गृहीत धरून सरासरी किंमत देऊ करतो. त्या किमतीला आपली चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही. तो बाजारातून बाजूला होतो. मागे उरतात त्या अधिकाधिक वाईट गाड्या, आणि त्यामुळे सरासरी आणखी खाली येते. निबंध लिहिला गेला त्याच सुमारास, १९६७-६८ या वर्षी अ‍ॅकरलॉफ दिल्लीत होते, आणि निबंधात भारताची उदाहरणेही आहेत : ऋणकोला जवळून ओळखणारा गावचा सावकार, आणि समाजाच्या आतल्या ओळखीवर चालणाऱ्या मॅनेजिंग एजन्सीज. जिथे वस्तूची पारख करता येत नाही तिथे माणसाच्या ओळखीवर व्यवहार चालतो, हे मुंबईच्या व्यापारी पेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते.

ओळख नसेल तर काय, याचे उत्तर अमेरिकेने कायद्यात शोधले. मीटर मागे फिरवणे हा १९७२ च्या केंद्रीय कायद्याने गुन्हा ठरला. १९८२ साली कनेक्टिकट राज्याने पहिला ‘लेमन लॉ’ केला. त्याचा रोख प्रामुख्याने नव्या गाड्यांवर होता. जुन्या गाड्यांची कथा अधिक बोलकी आहे. गाडीतले ज्ञात दोष विक्रेत्याने लेखी सांगितले पाहिजेत, असा नियम फेडरल ट्रेड कमिशनने तयार केला होता. १९८२ साली अमेरिकी संसदेने तो रोखला. संसदेचा हा नकाराधिकार पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. तरीही १९८४ साली आयोगाने जो नियम अखेर केला, त्यातून ज्ञात दोषांचे कलम गळालेले होते. वॉरंटी आहे की गाडी ‘जशी आहे तशी’ विकली जात आहे, एवढे सांगणारी चिठ्ठी काचेवर लावणे तेवढे बंधनकारक झाले. वेन बूथ यांनी १९६१ साली कथनमीमांसेत ‘अविश्वसनीय निवेदक’ ही संकल्पना रूढ केली. जुन्या गाडीचा विक्रेता हा तसाच निवेदक आहे. तो खोटेच बोलतो असे नाही; पण काय सांगायचे आणि काय गाळायचे याचा अधिकार त्याच्याकडे असतो, आणि कायद्यानेही तो पुरता काढून घेतला नाही.

निवेदकावर विसंबता येत नसेल, तर कर्त्याच्या नावावर विसंबावे काय? आलिशान गाड्यांच्या बाबतीत नावाची मोहिनी मोठी असते. १९८३ साली टोयोटाचे प्रमुख एइजी टोयोडा यांनी जगातील सर्वोत्तम गाडी करण्याचे आव्हान आपल्या माणसांपुढे ठेवले. चौदाशे अभियंते, सुमारे साडेचारशे नमुना-गाड्या आणि एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च, एवढ्या खटाटोपानंतर १९८९ साली ‘लेक्सस एलएस ४००’ अमेरिकेत पस्तीस हजार डॉलरना विक्रीस आली. तोवर आलिशान गाडी म्हणजे मुख्यतः जर्मन गाडी, असा समज होता; नव्या नावामागे परंपरेचे पाठबळ नव्हते. त्याच डिसेंबरात सदोष वायरिंग आणि अति तापलेला ब्रेकचा दिवा अशा दोन ग्राहकांच्या तक्रारींवरून कंपनीने तोवर विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या परत बोलावल्या. तंत्रज्ञांनी त्या ग्राहकांच्या दारातून नेल्या आणि दुरुस्त करून परत पोचवल्या. हे काम वीस दिवसांत उरकले. ज्या घटनेने नवे नाव बुडायचे, तिनेच ते उभे राहिले. दोष झाकला नाही, म्हणून लोकांनी विश्वास टाकला.

परंतु कर्त्याचे नाव कितीही मोठे असले तरी ते काळाला थोपवू शकत नाही. एलएस ४०० च्या इंजिनाची ख्याती आजही आहे. आणि त्याच गाडीत पॉवर स्टिअरिंगच्या पंपातून गळलेले तेल खालच्या अल्टरनेटरवर पडून तो निकामी होतो, वर्षे सरली की डॅशबोर्डवरील काट्यांचे दिवे मालवतात, इलेक्ट्रॉनिक पाट्यांवरील कपॅसिटर पाझरतात, हेही तितकेच प्रसिद्ध आहे. मर्सिडीजची ‘डब्ल्यू १२४’ ही मजबुतीसाठी वाखाणली गेलेली गाडी. १९९५ साली भारतात मर्सिडीजची जुळणी पुण्यात, टेल्कोच्या कारखान्यात सुरू झाली ती याच गाडीने. जर्मनीत तिची पुढची पिढी त्याच वर्षी अवतरली होती. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील मर्सिडीजच्या अनेक गाड्यांत इंजिनाजवळच्या तारांचे वेष्टन उष्णतेने ठिसूळ होऊन गळून पडू लागले. लोखंड शाबूत आणि तारा उघड्या, अशी ती अवस्था. १९९८ च्या एस-क्लासने हवेच्या पिशव्यांवर तोललेले सस्पेन्शन आणले. त्या पिशव्या रबराच्या, आणि रबर पळाले नाही तरी म्हातारे होते.

इथे दोन घड्याळे वेगळी ओळखली पाहिजेत. एक अंतराचे, दुसरे वयाचे. मीटर फक्त पहिले दाखवते. रबर, तारांचे वेष्टन, सील, कपॅसिटर यांची झीज दुसऱ्या घड्याळाने होते, आणि आलिशान गाडीत नेमक्या याच वस्तू संख्येने अधिक असतात. त्यात एक आर्थिक विसंगती आहे. गाडीची किंमत तिच्या वयाप्रमाणे उतरते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र ती नवी असताना ज्या श्रीमंताने घेतली, त्याच्या ऐपतीला धरून राहते. स्वस्तात मिळालेली आलिशान गाडी स्वस्त असते ती फक्त विकत घेण्याच्या दिवशी.

याला छेद देणारी दोन उदाहरणे आहेत. मॅट फाराह या अमेरिकी वाहन-पत्रकाराने २०१४ साली १९९६ ची एक एलएस ४०० विकत घेतली, तेव्हा ती ८,९७,००० मैल चाललेली होती. २०१९ साली तिने दहा लाख मैलांचा, म्हणजे सोळा लाख किलोमीटरांचा टप्पा ओलांडला. दुसरे उदाहरण ग्रीसमधील थेस्सालोनिकीच्या एका टॅक्सीचालकाचे. त्याने १९८१ साली जुनीच घेतलेली, १९७६ ची मर्सिडीज २४० डी २००४ साली कंपनीच्या संग्रहालयाकडे गेली, तेव्हा तिचे ४६ लाख किलोमीटर झाले होते. ही दोन्ही उदाहरणे गाडीच्या नावाचा महिमा म्हणून सांगितली जातात. आम्हांला ती तशी वाटत नाहीत. अठरा वर्षांत ८,९७,००० मैल म्हणजे दिवसाला सरासरी सव्वादोनशे किलोमीटर. अशी गाडी कधी पडून राहिलेली नसते. तिची कुरकुर दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी कानावर पडते. थेस्सालोनिकीच्या चालकाने तर तीन इंजिने आलटून-पालटून वापरली. फळ्या बदलत-बदलत टिकलेल्या थीसियसच्या जहाजाची कोड्यात टाकणारी कथा याच ग्रीकांची. त्या टॅक्सीत अखंड राहिली ती देखभाल.

म्हणजे भरवसा हा वस्तूचा गुण जितका, तितकाच तिच्या हस्तांतरांचा इतिहास आहे. पोथीच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली; तिन्हीशे वर्षांच्या आत पाठांतरे इतकी शिरली, की शके १५०६ मध्ये एकनाथांना प्रती ताडून ती शुद्ध करावी लागली. ग्रंथकर्ता थोर होता, म्हणून हातोहात उतरलेली प्रत्येक प्रत आपोआप शुद्ध राहिली नाही. पोथीची पारख बांधणीवरून होत नाही. ती कुणाच्या हातून कुणाकडे आली आणि कुठे खंड पडला, हे पाहावे लागते. जुन्या गाडीची सर्व्हिसची बिले हीच तिची प्रत-परंपरा. म्हणूनच बारा वर्षांत जेमतेम तीस हजार किलोमीटर ‘रनिंग’ झालेली गाडी ऐकायला मोहक वाटली, तरी वर्षाकाठी वीस हजार चाललेली आणि प्रत्येक बिल जपलेली गाडी रोजच्या वापरासाठी अधिक भरवशाची असू शकते.

रोजच्या वापरासाठी, हे शब्द महत्त्वाचे. टिकाऊपणा आणि भरवसा या दोन गोष्टी आपण सहज एक समजतो. ४६ लाख किलोमीटर चाललेली टॅक्सी टिकाऊ खरीच. पण इंजिन उतरवलेले असेल त्या दिवशी तिच्या मालकाला घरी बसणे भाग होते. सकाळी साडेसातच्या तासाला पोचायचे असलेल्या शिक्षकाला गाडी तीस वर्षे टिकेल की नाही याच्याशी कर्तव्य नसते. मंगळवारी ती सुरू होईल काय, एवढाच त्याचा प्रश्न असतो. सुटा भाग परदेशातून यायला तीन आठवडे लागणार असतील, तर गाडी कितीही उत्तम असली तरी ते तीन आठवडे ती नसल्यासारखीच.

आमच्या सहकारी बाईंनी विक्रेत्याकडे बिले मागितली. पहिल्या आठ वर्षांची होती. एकाच अधिकृत केंद्राची, तारीखवार. मधल्या काळात मालक बदलला होता आणि पुढच्या चार वर्षांचा एकही कागद नव्हता. “गाडी एकदम शोरूम कंडिशन आहे, मॅडम,” एवढेच त्या चार वर्षांविषयी सांगण्यात आले. कदाचित ते खरेही असेल. अ‍ॅकरलॉफच्या बाजारातली ती गुणी गाडी हीच असेल आणि कागदांअभावी ती पारखी झाली असेल, तर तो तिच्यावर अन्यायच. पण त्या अन्यायाची किंमत आपल्या बचतीतून मोजायला बाई तयार नव्हत्या. गाडी त्यांनी घेतली नाही. तूर्त त्या सकाळच्या एसटीने जातात, आणि सेडान घेतलीच तर बिले आधी पाहीन, असे म्हणतात.