दुसऱ्यांदा पोट उघडण्यापूर्वी : आतडी कुठे चिकटली आहेत हे सोनोग्राफीत कसे कळते?

एकदा पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णावर काही वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते, तेव्हा शल्यविशारदाच्या मनात पहिला प्रश्न असतो तो जुन्या व्रणाखाली काय चिकटले असेल हा. आतडे नेमके व्रणाला चिकटलेले असेल, तर पहिल्याच छेदात त्याला इजा होण्याचा धोका असतो. नेदरलँड्समधील २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पोट पुन्हा उघडलेल्या २७० रुग्णांपैकी ५२ जणांच्या, म्हणजे १९ टक्के रुग्णांच्या आतड्याला शस्त्रक्रियेदरम्यान अनवधानाने छिद्र पडल्याचे आढळले. अशा रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम वाढतो, जंतुसंसर्ग होतो आणि प्रसंगी तिसऱ्यांदा पोट उघडावे लागते.

वैद्यकीय परिभाषेत या चिकटण्यास 'ॲडहेशन्स' म्हणतात. पोटाच्या आतील बाजूस आणि आतड्यांवर एक गुळगुळीत पातळ पडदा असतो. त्यामुळे आतडी एकमेकांवरून सहज सरकतात. शस्त्रक्रियेत या पडद्याला इजा झाली, रक्त साचले किंवा पू झाला, की तेथे फायब्रिन नावाचा चिकट पदार्थ तयार होतो. बहुतेक ठिकाणी तो काही दिवसांत विरघळतो. विरघळला नाही, तर साधारण आठवडाभरात त्यात पेशी व रक्तवाहिन्या शिरतात आणि कायमचा पट्टा तयार होतो. यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा असतोच असे नाही. ब्रिटनमधील १९९० सालच्या अभ्यासात पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या २१० रुग्णांपैकी ९३ टक्के रुग्णांमध्ये असे पट्टे आढळले होते. त्यांतील अनेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही, हेही तितकेच खरे. आपल्याकडे पोटाच्या क्षयरोगातही आतडी चिकटतात, त्यासाठी शस्त्रक्रिया झालेली असण्याची गरज नसते.

धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न प्रामुख्याने महिलांचा आहे. पहिले बाळंतपण सिझेरियनने, मग कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आणि चाळिशीच्या आतबाहेर गर्भाशय काढणे, असा क्रम अनेक घरांत दिसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) राज्यात सुमारे २५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. त्याआधीच्या फेरीत हे प्रमाण २० टक्के होते. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड महिला कामगारांच्या पाहणीसाठी २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे धाराशिव जिल्ह्यातही आहेत. या महिलांना पुढे पित्ताशयाचे खडे किंवा हर्नियासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, तर जुन्या व्रणाचा प्रश्न समोर उभा राहतोच.

ॲडहेशनचा पट्टा इतका पातळ असतो, की साध्या छायाचित्रात तो बहुधा दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये आतडे कोठे अडले आहे ते कळते, परंतु अडथळा नसताना पट्टे ओळखण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून पट्टा शोधण्याऐवजी हालचाल पाहण्याची पद्धत विकसित झाली. रुग्णाला उताणे झोपवून दीर्घ श्वास घेण्यास सांगतात आणि सोनोग्राफीचा प्रोब पोटावर धरतात. निरोगी पोटात श्वासाबरोबर आतडी पोटाच्या भिंतीखालून २ ते ५ सेंटिमीटर वर-खाली सरकताना दिसतात. ही हालचाल एक सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर तेथे चिकटले असण्याची शक्यता धरली जाते. पोटाचे भाग पाडून प्रत्येक ठिकाणी ही चाचणी केली जाते. तिला किरणोत्सर्ग लागत नाही, इंजेक्शन लागत नाही आणि वेगळे यंत्रही लागत नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पहिले उपकरण सामान्यतः बेंबीपाशी आत घातले जाते आणि तेच अंधारात घातलेले पाऊल असते. बेंबीखाली आतडे सरकत नसेल, तर शल्यविशारद डाव्या बरगडीच्या खालची जागा निवडू शकतात किंवा लहान छेद घेऊन डोळ्यांदेखत आत जाऊ शकतात. या तपासणीचे खरे मोल चिकटलेल्या जागांचा नकाशा मिळण्यात नसून मोकळी जागा सापडण्यात आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. पोटाच्या भिंतीपासून दूर, आतड्या-आतड्यांतील किंवा ओटीपोटात खोलवर असलेले पट्टे तिला दिसत नाहीत. स्थूल रुग्णांत चित्र अस्पष्ट येते आणि बरेचसे तपासणाऱ्याच्या सरावावर अवलंबून असते. 'सिने एमआरआय' या पद्धतीत श्वासाच्या वेळी एकामागून एक झटपट छायाचित्रे घेऊन खोलवरची हालचालही पाहता येते, मात्र ती मोजक्या केंद्रांपुरतीच मर्यादित आहे. मोठ्या तपासणीसाठी सुमारे ७० किलोमीटरवरील सोलापूर किंवा लातूर, बार्शी गाठणे जिल्ह्यातील रुग्णांना नवे नाही. सोनोग्राफी मात्र तालुक्याच्या ठिकाणीही होते.

दुसऱ्या वा तिसऱ्या सिझेरियनपूर्वी शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय पोटाच्या भिंतीखाली सरकते का, हेही याच रीतीने पाहता येते. त्याच वेळी वार जुन्या व्रणावर आहे का, याची खात्री करून घ्यावी, कारण तेथील धोका अधिक गंभीर असतो. गर्भवतीची कोणतीही सोनोग्राफी गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली येते. त्यामुळे केंद्र नोंदणीकृत असणे आणि 'एफ' नमुना भरणे बंधनकारक आहे.

केवळ पोटदुखी आहे आणि तपासणीत चिकटलेले दिसले, एवढ्यावरून ते सोडविण्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरू नये. नेदरलँड्समध्येच २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दीर्घकालीन पोटदुखीच्या १०० रुग्णांपैकी काहींचे पट्टे दुर्बिणीने सोडविण्यात आले, तर इतरांची केवळ दुर्बिणीतून पाहणी झाली. वर्षभरानंतर दोन्ही गटांना सारखाच आराम पडला होता. शिवाय सोडविलेल्या जागी नवे पट्टे तयार होतात.

तपासणीला जाताना जुने डिस्चार्ज कार्ड सोबत न्यावे. २०२३ च्या नामांतरापूर्वीच्या कागदांवर जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद असेल, म्हणून ते निरुपयोगी ठरत नाहीत. छेद उभा होता की आडवा, अपेंडिक्स फुटले होते का, पू झाला होता का, या तीन गोष्टी डॉक्टरांना यंत्राइतकीच माहिती देतात. आणि पूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीचे पोट फुगून उलट्या होत असतील, वायू व शौच दोन्ही बंद झाले असतील, तर सोनोग्राफीची तारीख घेत न बसता थेट शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. आतड्यात अडथळा असल्यास तेथे सीटी स्कॅन हीच उपयुक्त तपासणी ठरते.