रेघोट्या आणि घर

माझा नववीतला मुलगा गेल्या वर्षी घरात बोलेनासा झाला. माझ्याकडेही "गणित कितपत झालं?" याखेरीज दुसरे वाक्य नव्हते. पडलो कारकून, चौकशी करणे अंगवळणी पडलेले. त्याच दिवसांत हाना क्व्याटकोव्स्का हे नाव वाचनात आले.

'आर्ट थेरपी' हा शब्द १९४२ साली ब्रिटिश चित्रकार एड्रियन हिल यांनी रूढ केला. क्षयाच्या आरोग्यधामात पडून असताना त्यांना रेखाटनानेच आधार दिला होता. पण तो एकट्या रुग्णाचा उपचार. मूळच्या पोलंडच्या शिल्पकार हानाबाईंनी १९५८ पासून अमेरिकेत, बेथेस्डाच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत, स्किझोफ्रेनिया झालेल्या तरुण मुलांबरोबर त्यांच्या आईवडिलांच्या आणि भावंडांच्या हातीही रंग दिले.

एका बैठकीत सहा चित्रे. पहिले मनात येईल ते. दुसरे आपल्या कुटुंबाचे, तिसरेही कुटुंबाचेच, पण अमूर्त. चौथे स्वतःच्या रेघोट्यांतून फुलवलेले. पाचव्यासाठी सर्वांनी मिळून एकाची रेघोटी निवडायची आणि तिचे चित्र करायचे. सहावे पुन्हा मनाजोगते. पाचव्या चित्रात घर बोलू लागते: रेघोटी कोणाची निवडली, खडू आधी कोणी उचलला, कोण कोपऱ्यात राहिला.

त्या काळाची एक काळी बाजूही सांगायला हवी. या आजाराचे खापर तेव्हा आईवर फोडले जाई. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशा आईसाठी एक संज्ञाच वापरली होती. पुढे तो सिद्धान्त टिकला नाही. पण तोवर किती आयांनी विनाकारण स्वतःला दोष दिला असेल! सिद्धान्त गेला, एका कागदाभोवती बसण्याची रीत मात्र उरली. हानाबाईंनी ती १९७८ साली ग्रंथरूपाने मांडली.

एका रविवारी आम्हीही बसलो. हा उपचार नव्हे. उपचाराला जाणकार लागतो. मुलाची रेघोटी निवडली. बायकोला त्यात बांगडा दिसला. मी लगेच म्हणालो, "शेपटी नीट काढ." त्याने खडू खाली ठेवला. मासा अर्धाच राहिला, पण मला मात्र माझे चित्र पुरते दिसले.

मी गप्प बसलो. बऱ्याच वेळाने त्यानेच खडू माझ्यापुढे सरकवला. "शेपटी तुम्ही काढा, बाबा."

मी काढली. वाकडीच आली.