बँकांचे यंत्रीकरण: कामाची सीमा आणि यंत्राची निवड

भारतीय बँकांतील स्वयंचलनाचा इतिहास सामान्यतः यंत्रांच्या पिढ्यांप्रमाणे सांगितला जातो: आधी बेरजेची यंत्रे, मग लेजर-पोस्टिंग यंत्रे, मग शाखेचा संगणक आणि शेवटी सर्व शाखांना जोडणारी कोअर बँकिंग प्रणाली. हा क्रम खरा असला, तरी बँकांनी त्या त्या वेळी तीच यंत्रे का निवडली, याचा उलगडा त्यातून होत नाही. कामाचा कोणता भाग यंत्राकडे सोपवायचा, तो कोठे थांबवायचा आणि ही सीमा कोणी ठरवायची, हे प्रश्न प्रत्येक टप्प्यावर यंत्राच्या क्षमतेच्या आधी उभे राहिले. रिझर्व्ह बँक, बँकांची संघटना असलेली इंडियन बँक्स असोसिएशन आणि अनेक मोठ्या बँकांची मुख्यालये मुंबईत असल्यामुळे या इतिहासातील बरेचसे निर्णय याच शहरात झाले.

यंत्रपूर्व काळातील शाखेची कार्यपद्धती अत्यंत बांधीव होती. खातेदाराने चेक काउंटरवर दिला की त्याच्या हाती पितळी टोकन पडे. लिपिक त्या खात्याचे लेजर, म्हणजे खातेवही, उघडून शिल्लक पाही, रक्कम नावे टाकी आणि नवी शिल्लक काढी. अधिकारी नमुना स्वाक्षरीशी चेकवरील सही ताडून चेक पास करी. आणि त्यानंतरच कॅशियर टोकनाचा क्रमांक पुकारून रोकड देई. सायंकाळी व्हाउचरांवरून दिवसाची जमा-नावे जुळवली जाई आणि ठरावीक काळाने प्रत्येक लेजरमधील सर्व खात्यांच्या शिलकांची बेरीज जनरल लेजरमधील एकत्रित आकड्याशी ताडली जाई. या कामाला बॅलन्सिंग म्हणत, आणि ते कित्येक शाखांत महिनोन्‌महिने तुंबलेले असे. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती तपासावी, हे या साऱ्या रचनेचे मूळ तत्त्व होते.

ही पद्धत मर्यादित शाखा असलेल्या बँकेला पुरेशी होती. मात्र 1969 च्या जुलैत 14 बँकांचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर शाखाविस्ताराने सारे प्रमाणच बदलले. देशातील बँकशाखांची संख्या 1969 मध्ये 8,262 होती, ती 1990 पर्यंत 60,000 च्या घरात गेली. सर्वांत मोठा ताण आंतरशाखा मेळावर पडला. एका शाखेने काढलेला डिमांड ड्राफ्ट दुसऱ्या शाखेत वटला की दोन्ही शाखांच्या नोंदी मुख्यालयात एकमेकींशी जुळाव्या लागत, आणि न जुळलेल्या नोंदींच्या आड चूक आहे की अफरातफर, हे कळायला मार्ग नसे. टाटा समूहाने 1968 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या आरंभीच्या कामांत सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या आंतरशाखा मेळाचे काम होते, ही गोष्ट या दृष्टीने बोलकी आहे. शाखेतील काउंटर, तिथले लिपिक आणि खातेदार यांना धक्का न लावता मुख्यालयातल्या मुख्यालयात यंत्राकडे देता येण्याजोगे हे काम होते.

शाखेच्या दारात मात्र यंत्राला सहज प्रवेश नव्हता. 1956 मध्ये स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने साठच्या दशकात संगणक आणण्याचा प्रयत्न केला, तेव्हा कर्मचारी संघटनांनी, विशेषतः कलकत्त्यात, त्याला कडवा विरोध केला. शिक्षित बेकारी वाढत असताना कारकुनी नोकऱ्या यंत्राच्या स्वाधीन करणे अन्यायाचे आहे, ही त्यामागची भूमिका होती आणि त्या काळात तिला संघटनांबाहेरही सहानुभूती होती. केंद्र सरकारने स्वयंचलनाच्या प्रश्नावर जी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्याकडे होते आणि तिचा अहवाल 1972 मध्ये आला. यंत्राची निवड हा विषय अशा रीतीने बँकेच्या खरेदी खात्यापुरता उरला नाही; तो रोजगारनीतीचा आणि सामूहिक वाटाघाटीचा विषय झाला.

ही कोंडी 1983 च्या सप्टेंबरात फुटली. इंडियन बँक्स असोसिएशन आणि प्रमुख कर्मचारी संघटना यांच्यात झालेल्या करारात कोणत्या पातळीवर कोणत्या प्रकारचे यंत्र बसवता येईल, हे ठरवून घेण्यात आले. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1984 मध्ये दिलेल्या अहवालात त्याच चौकटीत शाखा, विभागीय कार्यालय आणि मुख्यालय अशी त्रिस्तरीय योजना आखली. शाखांसाठी पुढे आलेले यंत्र म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन. हे सूक्ष्मप्रक्रियकावर चालणारे, खात्यांच्या शिलका साठवणारे आणि लेजरची पाने छापणारे उपकरण असून ते सहसा इतर यंत्रांशी जोडलेले नसे. त्याने बेरजेच्या चुका व बॅलन्सिंगची थकबाकी कमी केली, व्याजाची आकारणी सोपी केली आणि ते चालवणाऱ्या लिपिकाला विशेष भत्ताही मिळवून दिला. परंतु टोकन, पासिंग आणि रोकड यांची साखळी जशीच्या तशी राहिली. त्या काळच्या उपलब्ध तंत्रज्ञानाच्या मानाने हे यंत्र तोकडे होते, पण मान्य झालेल्या सीमेत बसणारे होते आणि म्हणूनच ते निवडले गेले.

त्याच दशकात चेकच्या समाशोधनात, म्हणजे वेगवेगळ्या बँकांनी एकमेकींवरील चेक अदलाबदल करून येणे-देणे मिटवण्याच्या व्यवहारात, झालेला बदल याहून वेगळ्या कारणाने उद्‌बोधक आहे. चुंबकीय शाईतील अक्षरे वाचून चेकची वर्गवारी करणारी यंत्रणा ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईसह चार महानगरांत आली. तिच्यासाठी आधी चेकचा आकार, कागद आणि छपाई सर्व बँकांत एकसारखी करावी लागली. चेकच्या तळाशी असलेल्या पट्ट्यात नऊ अंकी संकेतांकाला जागा मिळाली. त्यातील पहिले तीन अंक शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. प्रत्येक बँकेची आपापली तऱ्हा कायम राहिली असती, तर तेच यंत्र समाशोधनगृहात निरुपयोगी ठरले असते. कार्यपद्धतीची एकरूपता ही येथे यंत्राची पूर्वअट होती.

1991 नंतरच्या आर्थिक सुधारणांनी ही सीमा पुन्हा हलवली. नव्या खाजगी बँकांच्या पाठीशी जुनी लेजरे नव्हती आणि जुने करारही नव्हते. त्यामुळे त्यांना आरंभापासूनच सॉफ्टवेअरभोवती कामाची मांडणी करता आली. सरकारी बँकांनी 1993 च्या नव्या कराराच्या आधारे शाखांचे पूर्ण संगणकीकरण हाती घेतले, आणि केंद्रीय दक्षता आयोगाने 1 जानेवारी 2001 पर्यंत 70 टक्के व्यवहार संगणकावर आणण्याचा आदेश देऊन त्याला वेग दिला. तरीही प्रत्येक शाखेचा संगणक ही स्वतंत्र खातेवहीच होती. दुसऱ्या शाखेत जाणारा खातेदार तेथे परकाच ठरे.

भारतीय स्टेट बँकेने 2002 च्या सुमारास टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या साहाय्याने कोअर बँकिंगचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा शाखा हे स्वतंत्र एकक मोडले. या प्रणालीत सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती संगणकात राहतात, आणि म्हणून खातेदार शाखेचा न राहता बँकेचा होतो. सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातील फायनान्शियल नेटवर्क सर्व्हिसेस या कंपनीचे होते. ती कंपनी पुढे 2005 मध्ये टाटा कन्सल्टन्सीनेच विकत घेतली. सुमारे 10,000 शाखा 2008 पर्यंत या प्रणालीवर आल्या. पूर्वी अनेक शाखांत खाते ओळखले जाई ते लेजरच्या आणि पानाच्या क्रमांकावरून. आता त्याच्या जागी 11 अंकी क्रमांक आला. शाखेतील जुन्या नोंदी नव्या प्रणालीत नेण्यापूर्वी नावे, पत्ते, व्याजदर आणि निष्क्रिय खाती तपासून दुरुस्त करावी लागली. कागदावर वर्षानुवर्षे खपून गेलेल्या विसंगती या स्थलांतरात उघड्या पडत, आणि हे शुद्धीकरण हा यंत्रबदलाचाच अवघड भाग होता.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. एकाने नोंद करावी आणि दुसऱ्याने ती मंजूर करावी, हा लेजरच्या काळातील नियम कोअर बँकिंगमध्ये मेकर आणि चेकर या दोन वेगळ्या लॉगिनच्या रूपाने टिकला, कारण तो कागदाच्या मर्यादेतून आलेला नव्हता, तर पैशाच्या व्यवहारातील अविश्वासातून आलेला होता. पितळी टोकन, लेजरचे पान आणि आंतरशाखा मेळाचे ढीग हे कागदाच्या मर्यादेचे परिणाम होते आणि ते कागदाबरोबर गेले. बँकांना ही निवड करण्यासाठी चार दशके, अनेक करार आणि काही अर्धवट यंत्रे खर्ची घालावी लागली. आज एखादी कंपनी आपल्या कामासाठी स्वयंचलनाची प्रणाली निवडते, तेव्हा तिच्यापुढेही मूळ प्रश्न हाच असतो, की आपल्या पद्धतीतील कोणता नियम गरजेतून आला आहे आणि कोणता केवळ जुन्या साधनाने लादलेला आहे. तो न सोडवता घेतलेली प्रणाली 1984 च्या पोस्टिंग यंत्राप्रमाणे जुन्याच साखळीची एक कडी वेगवान करते.